बारावा दिवस: गोधडी पुन्हा ओली

अकरा दिवस. कॅलेंडरवर रोज एक हिरवी टिकली लावत होते मी, कोरडा दिवस म्हणून, म्हणजे आमच्या ठकी मांजरीने लिटर बॉक्स (तिचा शू-शीचा डबा) सोडून कुठेही शू न केलेला दिवस. बाराव्या दिवशी, परवा मंगळवारी, दुपारी साडेतीनला आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली आणि न बघताच कळलं. आईंच्या जुन्या लुगड्यांची हाताने शिवलेली गोधडी, थंडीसाठी नुकतीच माळ्यावरून काढलेली. बरोबर मधोमध. नाशिककर गोदावरीचा पूर ज्याने मोजतात त्या मापात सांगायचं तर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत.

ठकी तुम्हाला माहीत आहेच. साडेतीन वर्षांची, तीनरंगी, नसबंदी झालेली, घराबाहेर न जाणारी, आणि गणपतीपर्यंत लिटर बॉक्सच्या बाबतीत अगदी आदर्श. ‘आधी डॉक्टर’ हे कृपया पुन्हा सांगू नका, ते ऑक्टोबरमध्येच झालंय. लघवीत खडे नाहीत, रक्त नाही, जंतू नाहीत. (नमुना घेण्यासाठी रिकाम्या बॉक्समध्ये फिशटँकचे धुतलेले खडे पसरले होते. ते शोषत नाहीत, त्यामुळे तळाशी जमलेली शू सिरिंजने सहज ओढता आली. अख्ख्या प्रकरणातला माझा एकमेव निर्विवाद विजय.) ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी मात्र एक लक्षात ठेवा: तो पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर लिटर बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

तर ते अकरा दिवस. मागच्या वेळी लिहिताना मी नव्या टबाची आरतीच ओवाळली होती, आठवत असेल. झाकणवाला बॉक्स काढून टाकला आणि भांडी बाजारातून मोठा उथळ टब आणला. बॉक्स मांजरीच्या दीडपट लांब हवा म्हणतात. ठकीला फुटपट्टी लावणं जमलं नाही, तेव्हा ती पसरून झोपली असताना लादीच्या चौकटी मोजल्या. दुसरं म्हणजे बॉक्समध्ये घालायचं लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर बंद करून बिनवासाचं बारीक बेंटोनाइट (ओलं झालं की गठ्ठा होणारी माती) आणलं. ज्या दुकानदाराने ऑनलाइन ऑर्डरवर न विचारता ‘साधं संपलं म्हणून सुगंधी पाठवलं’ त्याच्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही. सुगंध माणसाच्या नाकासाठी असतो, मांजरीला तो अत्तराच्या दुकानात बसवल्यासारखा. तिसरं, मागच्या गॅलरीत दुसरा टब. मांजरं जितकी त्याहून एक बॉक्स जास्त, हा नियम मी वर्षभर टाळत आले होते.

तिन्ही एकाच शुक्रवारी केलं. दहावीला ‘एका वेळी एकच चल बदला’ शिकवणाऱ्या बाईंना हे कळू नये.

त्या दिवसापासून अकरा हिरव्या टिकल्या. दोन्ही टबांत लिंबाएवढे घट्ट गठ्ठे, दिवसाला तीन. झाऱ्याने उचलताना मला इतका आनंद व्हायचा की नवरा म्हणाला, तू एकदा स्वतःलाच दाखवून ये. (हो, झाराच. चकल्यांचा जुना. प्लॅस्टिकचा स्कूप दोनदा मोडल्यावर मी स्वयंपाकघरातून एक झारा कायमचा हद्दपार केला. बारीक लिटर छान गळतं, गठ्ठा फुटत नाही. आईंनी नवा झारा घेतला आणि त्याला लाल दोरा बांधून ठेवलाय, चूक होऊ नये म्हणून.)

आणि मग गोधडी.

मंगळवारची संध्याकाळ सगळ्यांवर संशय घेण्यात गेली. पहिला नंबर रस्त्याचा. 2027च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर खोदकाम चाललंय, आमच्या गल्लीच्या तोंडाशीही गणपतीपासून ब्रेकर खडखडतोय. आवाजाने बिथरून मांजर बॉक्स सोडतं हे खरं आहे. पण मंगळवारी काम बंद होतं. दुसरा संशय गॅलरीसमोरच्या भिंतीवर येऊन बसणाऱ्या पिवळ्या बोक्यावर. पण तसं असतं तर ठकीने शेपटी उभी करून भिंतीवर, पडद्यावर फवारा मारला असता. ही चक्क बसून, आडव्या जागेवर, पोटभर करते. ते हद्द आखणं नव्हे, ते संडास शोधणं आहे. वैतागून मी फेरोमोनचा (मांजराला शांत करणाऱ्या गंधाचा) डिफ्युझर ऑर्डरला टाकला, रिफिलसकट.

बुधवारी सकाळी कामवाल्या मावशींचा महिन्याचा हिशेब करायला बसले. त्या चांदवडकडच्या, उन्हाळ कांद्याची लागण असली की गावी जातात. मी त्यांचे खाडे त्याच कॅलेंडरवर निळ्या पेनाने ‘खा’ असे लिहिते. मोजायला लागले: खा, खा, खा. आणि प्रत्येक ‘खा’च्या शेजारी एक हिरवी टिकली.

अकरा खाडे. अकरा टिकल्या. मावशी मंगळवारी परत आल्या.

दोन मिनिटं मी नुसती बसून राहिले. मग डायरी काढली, जिच्यात सप्टेंबरपासूनची प्रत्येक ओली घटना वेळेसह लिहिली आहे आणि जिला घरात ‘शू-वही’ म्हणतात. एकोणीस नोंदी. त्यांतल्या सोळा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचमधल्या. मावशी येतात साडेदहाला.

मावशी ठकीला काही करत नाहीत, उलट येताना तिच्यासाठी खिशात बोंबलाचं शेपूट आणतात. प्रश्न त्यांच्या बादलीचा होता. गणपतीच्या आधी दारावर आलेल्या सायकलवाल्याकडून आम्ही पाच लिटरचं फिनेलचं कॅन घेतलं होतं. स्वस्त, पांढरं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं. त्याने रोज सगळं घर पुसलं जायचं. आणि मावशी मायेने आधी बॉक्सच्या, मंगळवारी दोन्ही टबांच्या कडा, भोवतालची लादी, सगळं फिनेलच्याच फडक्याने लख्ख करायच्या. त्या नसताना मी टब भांड्यांच्या साबणाने धुतला आणि लादी साध्या पाण्याने पुसली, कारण फिनेलचा वास मलाच सोसत नाही. अकरा दिवसांचं श्रेय मी टबाला दिलं आणि तो बिचारा नुसता तिथे होता.

यात वासापेक्षा वाईट भाग पुढे आहे. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. मांजराच्या यकृताला हे पदार्थ आपल्यासारखे निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत, ती प्रक्रियाच त्यांच्यात कमजोर असते. मांजर ओल्या लादीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं. मी चार महिने बेंटोनाइटचा दाणा किती बारीक असावा यावर निबंध लिहीत होते आणि माझी मांजर रोज दुपारी फिनेल चाटत होती. डॉक्टरांना लगेच फोन केला. खाणंपिणं नीट आहे, लाळ गळत नाही, तरी शनिवारी रक्त तपासायला बोलावलंय.

काल रात्री मनात आलं होतं की खात्री करून घेऊ: एक टब पाण्याने पुसायचा, दुसरा फिनेलने, आठवडाभर बघायचं. सकाळी स्वतःचीच लाज वाटली. रद्द. कॅन बंद करून खाली वॉचमनच्या खोलीत ठेवलंय.

हे लिहिता लिहिताच आणखी एक गोष्ट लागली, थांबा. ठकीच्या आवडत्या जागा: गोधड्यांचा ढीग, दिवाणावरची गादी, लेकीचं दप्तर, आणि उन्हात वाळवून आणलेलं पायपुसणं. मी समजत होते तिला मऊ हवं, म्हणून मध्यंतरी बॉक्समध्ये जुना टॉवेलही घालून पाहिला होता. पण सोफाही मऊ आहे, तिथे एकदाही नाही. सोफ्याचं रेक्झिन मावशी रोज त्याच फडक्याने पुसतात! म्हणजे ती मऊ जागा शोधतच नव्हती. घरात जिथे फिनेल लागत नाही अशा चारच जागा होत्या आणि तिने चारही शोधल्या. काय नाक आहे.

डिफ्युझरची ऑर्डर आत्ता रद्द केली. ते पैसे शूचे अंश तोडणाऱ्या एन्झाइम क्लीनरला. शूचे अंश साध्या धुण्याने पूर्ण जात नाहीत, म्हणून धुतलेल्या गोधडीला दमट हवेत पुन्हा वास सुटतो आणि मांजर त्याच पत्त्यावर परत येतं. एन्झाइमवालं मुरवून पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवावं लागतं, लगेच पुसलं तर पैसे वाया. आणि त्यावर जंतुनाशक मारलं तर एन्झाइमच निकामी होऊ शकतात. मी सप्टेंबरमध्ये ज्या महागड्या बाटलीला ‘शुद्ध फसवणूक’ म्हटलं होतं, ती लादीवर मारली की तासाभरात वरून फिनेलचं फडकं फिरत होतं. बाटलीची माफी मागते.

शूचे वाळलेले डाग अंधारात चमकवून दाखवणाऱ्या यूव्ही टॉर्चबद्दल विचारलं होतं कुणीतरी. 395 नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च घेऊ नका, त्याचा जांभळा उजेडच इतका पसरतो की डाग कळत नाही. 365वाला घ्या. आणि पांढऱ्या चादरींवर तोही वापरू नका. टिनोपॉल (कपडे उजळवणारी पावडर) घातलेली चादर यूव्हीखाली आख्खी पेटते. पहिल्या रात्री मला वाटलं ठकीने डबलबेड बुडवला.

राहिला प्रश्न मावशींचा. काल त्यांना जमेल तितकं हळू सांगितलं. त्यांनी ऐकलं, ठकीकडे बघितलं, म्हणाल्या, “ताई, फिनेल नाही टाकलं तर लादी पुसल्यासारखी वाटतच नाही. आणि मी तिच्यासाठीच घासत होते ना टब.” हे सगळ्यात जड गेलं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: कोमट पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर, नंतर एकदा नुसतं पाणी. टबाला हात लावायचा नाही, तो माझा. आईंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते मांजर गोधडीवर करते कारण मांजर आहे.

आज गुरुवार. कालची आणि आजची टिकली लागली, दोन्ही दिवस मावशी आलेल्या असताना. सव्वाबाराला ठकी मागच्या टबात गेली, चारही कोपरे हुंगले, मग खड्डा उकरला. दोन दिवसांवर मी यावेळी आरती ओवाळणार नाही. जुना झाकणवाला बॉक्सही टाकलेला नाही. महिनाभर कोरडं गेलं तर बाकी सगळं तसंच ठेवून फक्त तोच परत मांडून बघायचाय, कारण टबाची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही.

गोधडी तिसऱ्यांदा एन्झाइममध्ये भिजतेय. पायपुसणं वाळलं असेल, आत आणायला उठते. नको, ते आज बाहेरच राहू दे.