नाळे बा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुणी "करूया की" म्हणालं की समजायचं, हे काम काय होत नाही. त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची अजून एक सोय आहे, आमच्याकडं पवित्र तारखा लई. ३१ डिसेंबरची वॉचनाइट सर्विस, म्हणजे वर्ष सरताना रात्रीची प्रार्थना, मग राखेचा बुधवार, तिथनं ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ म्हणजे लेंट, मग ईस्टर, त्यामुळं सुधारणा पुढं ढकलली तरी ती भक्तीच वाटते. आमच्यातले एक काका सख्ख्या भावाशी दोन गुंठ्यांवरून बोलत नाहीत, दरवर्षी म्हणतात लेंटमध्ये मिटवतो, आणि लेंट आला की मटण सोडतात. भाऊ तसाच. बरं, चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, म्हणून रविवारी मटणपण परत येतं!

मला यावरून तो रोमी सुभेदार फेलिक्स आठवतो, बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला. त्याच्या कैदेत असलेला प्रेषित पौल त्याच्यापुढं नीतीनं वागणं, स्वतःवर ताबा आणि येणारा न्याय यावर बोलला तर गडी चक्क घाबरला, म्हणजे मुद्दा कळला होता की, तरी म्हणाला आता जा, सवड झाली की बोलावतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण पुढची ओळ वाचा. त्यानं पौलाला खरंच परत बोलावलं, एकदा नाही, पुष्कळदा, कारण काहीतरी लाच मिळेल अशी आशा होती. दोन वर्षं! म्हणजे सवड भरपूर होती, फक्त त्या विषयाला नव्हती. शेवटी त्याच्या जागी दुसरा सुभेदार आला तरी पौल तुरुंगातच.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात ती 'नाळे बा'ची गोष्ट पसरलेली, भूत रात्री दार वाजवतं म्हणून लोक दारावरच कन्नडमध्ये लिहायचे, उद्या ये, भूत वाचून परत जायचं आणि दुसऱ्या रात्री परत तेच. आमच्या घराघरात कॅलेंडरवर दार ठोठावणारा येशू असतो बघा, त्यालापण आम्ही हेच वाचायला लावतो, फक्त जरा गोड भाषेत. संत ऑगस्टीननं तर तरुणपणी प्रार्थनाच केली होती की मला शुद्ध कर, पण इतक्यात नको. पुढं ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर हे स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून तो माणूस मला आवडतो.

आणि जक्कय, तो कर वसूल करणारा श्रीमंत जकातदार. येशूला बघायला उंबरावर चढलेला, हाक आल्यावर उतरला, त्याला घरी नेलं आणि उभा राहून सांगून मोकळा, निम्मी मालमत्ता गरिबांना, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. वल्हांडणाचा सण होऊ दे, वसुलीचा सीझन संपू दे, असलं काही नाही. आता निम्मं देताना घरात विचारलं होतं का, ते मात्र ही गोष्ट सांगणाऱ्या लूकनं शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.