पेटीचे पैसे

"बाई, तुमच्या आई तुम्हाला ओळखत नव्हत्या म्हणता, मग पेटीवर आख्खं गीत कसं वाजवायच्या?" हा प्रश्न मला शाळेत विचारला गेलाय, बसस्टँडवर विचारला गेलाय, एकदा तर मयतीच्या घरीसुद्धा. मागच्या रविवारी चर्चात उपासना सुटल्यावर एका ताईंनी पुन्हा विचारलं आणि मी "देवाची कृपा" म्हणून निसटले. तसं करायला नको होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगते.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या बाजूचं. पानपिंपळीचे मळे, संत्र्याच्या बागा, कपाशी, आणि त्यात ख्रिस्ती घरं जेमतेम वीस-बावीस. आई १९६८ साली लग्न होऊन इथं आली. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, तिथल्या मडमेनं तिला पायपेटी शिकवली होती. आमच्या चर्चातली पायपेटी वाळवीनं केव्हाच खाल्ली होती. मग वर्गणी करून हातपेटी आणली, आणि आई तिच्यापुढे जी बसली ती २०१२ सालापर्यंत उठली नाही. गंमत म्हणजे ती वाजवायला लागली तेव्हा आकाशवाणीवर या वाद्याला बंदी होती, १९४० पासून १९७१ पर्यंत. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर, पकडता येत नाहीत, असा आक्षेप होता. बाबांनी हे तिला सांगितलं तर म्हणाली, "रेडिओवाल्यांले मयतीत गाणं म्हणा लागते का?"

मयतीचं ती उगाच म्हणाली नाही. एरवी ज्या पट्टीत गीत धरायची, त्याच्यापेक्षा एक-दीड सूर खाली ती मयतीत धरायची. रडणाऱ्या माणसाचा आवाज वर चढत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. लग्नात मात्र वर, कारण पोरं-पोरी ओरडून गातात. पेटीचं सगळं तीच बघायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड तडकून हवा गळते, पावसाळ्यात पट्ट्या फुगून दाबल्या तर वर येत नाहीत, आणि उंदरांना भात्याचं कातडं फार आवडतं. आत कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या. सूर उतरला की त्या सुराची आतली पितळी पात काढून टोकाकडून ब्लेडनं अगदी हलकं घासायची म्हणजे चढतो, चढला असेल तर बुडाकडून. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली ना. वा. टिळकांची अभंगाच्या वळणाची गीतं तिला मनापासून आवडत. इंग्रजी चालीवरची गीतं वाजवताना तिची पाठ शाळेतल्यासारखी ताठ व्हायची.

अचलपूर-मूर्तिजापूर शकुंतला गाडीनं ती दर्यापूरकडच्या प्रार्थनासभांना जायची. ती गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, आणि इतकी हळू की पोट्टे उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचे. आई मांडीवर पेटी, पेटीवर मी, आणि माझ्यावर कोळशाची भुकटी.

पैसे? चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, पगार होता. चर्च झाडणाऱ्या मावशींना महिना होता. पेटीला काही नव्हतं, ती 'सेवा' होती. नाताळात कधी साडी, तीही ज्या वर्षी कुणाच्या लक्षात राहील त्या वर्षी. बाबा चिडवायचे तेव्हा आई म्हणायची, "देवाच्या कामाचे पैसे घेतेत का?"

२०१२ च्या एका रविवारी शेवटचं कडवं झालं आणि तिनं पुन्हा पहिलं धरलं. मंडळीनंही धरलं. पुन्हा शेवटचं, पुन्हा पहिलं. चार फेऱ्यांनंतर लोक हसायला लागले आणि आई घाबरली. तिचा तो चेहरा मी आधी पाहिलेला नव्हता. मग पेटीची किल्ली ज्वारीच्या कोठीत सापडली. मग मी शाळेतून आले तर घरात पाहुणी असल्यासारखी पदर सावरून बसलेली. पहिल्या डॉक्टरांनी वय झालंय म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्यात आठ महिने गेले. नंतर अमरावतीला बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही असा विसर पडतो आणि तो बरा होऊ शकतो. ते ठीक निघालं. मेंदूचं स्कॅन झालं आणि अल्झायमर हे नाव कळलं, स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. देशात साठीपुढची सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशात आहेत असा २०२३ चा अंदाज आहे, त्यात बायकांचं आणि खेड्यांचं प्रमाण जास्त. आमच्या गल्लीत मात्र तेव्हा दोनच निदानं चालत: बाहेरचं काहीतरी, किंवा विश्वास कमी पडला. दुसरं आपल्याच माणसांकडून आलं, ते मी अजून विसरले नाही.

एक मध्येच सांगून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल. २०१५ च्या मे महिन्यात आई एका दिवसात पार बिघडली, बरळायला लागली. आम्हाला वाटलं आजारच वाढला. निघालं लघवीचं इन्फेक्शन, आणि उन्हात पाणी कमी पडलेलं. सलाईन आणि औषधं झाली, चार दिवसांत ती पुन्हा होती तिथं आली. असं अचानक झालं तर आजारावर ढकलून घरी बसू नका.

आता तुमचा प्रश्न. माझं नाव, माझा जन्म, बाबा वारले हे सगळं मेंदू एका ठिकाणी गोळा करतो, आणि हा आजार बहुतेक तिथूनच पोखरायला सुरुवात करतो. बोटांना लागलेली सवय वेगळ्या भागांत असते, तिला तो बराच उशिरा हात लावतो. जुन्या ओळखीच्या गाण्यांचे मेंदूतले भागही या आजारात तुलनेनं टिकून राहतात, असं जर्मनीतल्या लायप्झिगच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी घरी येऊन गणित केलं. ४४ वर्षं, वर्षाचे ५२ रविवार: २२८८. नाताळ, गुड फ्रायडे, लग्नं, मयती, तालमी धरल्याच नाहीत. तुम्ही ज्याला चमत्कार म्हणता तो तिनं असा एकेक रविवार करून बोटांत भरला होता.

आणि नाही, गीत वाजवताना ती मला ओळखत नसे. लोकांना हेच ऐकायचं असतं, की सूर लागला आणि तिनं डोळे उघडून मला हाक मारली. तिनं हाक मारली, पण "ओ बाई, तुमी कोनाच्या?" अशी. भाता मी दाबायचे, कारण तिच्या डाव्या हातातलं बळ गेलं होतं. माझा ठेका चुकला की म्हणायची, "मागची पोट्टी बरी होती." मागची पोट्टी मीच होते.

एकदा तरुण संघाची मुलं मोबाइलवर व्हिडिओ काढायला आली. आईनं दोन गीतं वाजवली, मुलींनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आमेन झालं आणि आईनं हात पुढे केला.

"पेटीचे पैसे कोन देईन?"

सगळे हसले. आई हसली नाही, हात तसाच होता. शेवटी पाळकसाहेबांनी खिशातून दहाची नोट काढून दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि कंबरेला खोचली. त्यानंतर प्रत्येक वेळी वाजवणं झालं की हात पुढे यायचा, आणि दहा रुपये मी द्यायचे. व्हिडिओतून मुलांनी तेवढा भाग कापला.

पुढे गीतांचे नंबर गेले, मग शब्द, मग उजव्या हाताची बोटं एकमेकांत अडकायला लागली. शेवटच्या वर्षी तिला पेटीचा आवाजच नकोसा झाला, कानावर हात ठेवून रडायची. मी पेटी वर माळ्यावर टाकली. लोक तरी म्हणायचे, गाणं लावून बघा ना, गाण्यानं बरं वाटतं. माझ्याकडे तेव्हा भांडायला वेळ नव्हता.

२०१९ च्या थंडीत ती गेली. मयतीला शेजारच्या गावाहून एक मुलगा कीबोर्ड घेऊन आला होता. त्यानं पट्टी वर धरली, कुणालाच गाता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंथरूण काढताना उशीच्या खोळीत दहाच्या ४१ नोटा निघाल्या, एकात एक घड्या घातलेल्या. पाळकसाहेब म्हणाले, चर्चच्या दानपेटीत टाका, त्यांना आवडलं असतं. मी "बरं" म्हटलं आणि नोटा परत खोळीत ठेवल्या. अजून तिथंच आहेत.