वळणापाशी उभं राहून

ग्लासगो सेंट्रलच्या तळघरातल्या फलाटावरून लोकल पकडली की थोड्याच मिनिटांत डालमार्नक येतं. तिथून एमिरेट्स अरीना हे बंदिस्त क्रीडागृह पायी गाठायचं. जानेवारीतला रविवार, पाऊस आडवा लागत होता, आणि अरीनासमोरचं सेल्टिक क्लबचं अवाढव्य फुटबॉल स्टेडियम राखाडी आभाळात अर्धं विरघळलेलं. अशा गारठ्यात उघड्यावर स्प्रिंट मारायची म्हणजे मांडीचा स्नायू गेलाच म्हणून समजा. २०१२ साली हे अरीना का बांधलं, हे दारात छत्री झटकतानाच कळलं.

मला ही जागा माहीत होती ती बॅडमिंटनमुळे. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पारुपल्ली कश्यपने पुरुष एकेरीचं सुवर्ण जिंकलं ते इथेच, सय्यद मोदींच्या १९८२ च्या सुवर्णानंतर बत्तीस वर्षांनी. जिथे कोर्टं मांडली होती, तिथे आज दोनशे मीटरचा ट्रॅक! वळणं हायड्रॉलिकवर आहेत. हवी तेव्हा वर उचलायची, नको तेव्हा खाली बसवायची.

क्लबांच्या मुलामुलींची इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. आधी काहीच उमगेना. मधल्या सरळ पट्ट्यावर ६० मीटरची शर्यत, पलीकडे उंच उडी, कोपऱ्यात गोळाफेक, आणि या सगळ्याला वळसा घालून ८०० मीटरवाले पळतायत. भाला आणि थाळी मात्र नाही. छपराखाली ती फेकणार कुठे?

६० मीटरच्या टोकाला मी बराच वेळ रेंगाळलो. रेषा ओलांडल्यावर थांबायला जागा कितीशी? पुढे भिंत, भिंतीला जाड गाद्या. बारा-तेरा वर्षांची पोरं त्या गाद्यांवर धाडधाड आदळत होती आणि परत फिरताना हसत होती. एका मुलीने तर आदळल्यावर गादीलाच मिठी मारली आणि तशीच मान वळवून वेळेच्या फलकाकडे बघत राहिली. मोठ्यांचंही इथे वेगळं नसतं. मार्च २०२४ च्या जागतिक इनडोअर स्पर्धेत बहामाच्या डेव्हिन चार्लटनने ६० मीटर अडथळ्यांत ७.६५ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो याच अरीनात. त्याच्या आदल्याच दिवशी नेदरलँड्सच्या फेमके बोलने ४०० मीटर ४९.१७ मध्ये पळून विश्वविक्रम केला होता.

पण खरी गंमत वळणाची. बाहेरच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते, इथे जेमतेम १७. मनातल्या मनात हिशेब मांडला: बोलच्या त्या सरासरी वेगाने एवढ्या अरुंद जागेत वळायचं तर अंग आतल्या बाजूला एकवीसेक अंश झुकवावं लागेल. सपाट जमिनीवर घोट्याची काय गत होईल! म्हणून वळण सुमारे दहा अंश तिरकं. निम्मा भार उतार उचलतो. तरीही सगळ्यात आतली लेन म्हणजे शिक्षाच. जागतिक इनडोअर स्पर्धेत २०० मीटरची शर्यत २००४ नंतर ठेवलीच नाही, कारण लेनच्या चिठ्ठीतच निम्मा निकाल लागायचा. मला विचाराल तर बरंच झालं.

४०० मीटरला दोन फेऱ्या. पहिली फेरी आपापल्या लेनमध्ये, मग सगळे आत घुसतात. तिथे पुढे गेला तो बहुधा जिंकलाच, कारण वळणावर बाहेरून कुणाला गाठायचं म्हणजे जास्त अंतर आणि वर चढही. माझ्यासमोरच दोन मुलांचे कोपर एकमेकांना लागले. एक आतल्या कडेवरून घसरला, उठला आणि सगळ्यात शेवटी का होईना, शर्यत पुरी करून आला. वळणाखाली पोकळी असावी. स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, आवाज डफावर थाप पडावी तसा घुमत होता. टीव्हीवर हा आवाज कधीच ऐकू आला नव्हता.

वारा नाही, त्यामुळे वाऱ्याच्या वेगाची नोंदही नाही. पोल व्हॉल्टवाल्यांना, म्हणजे बांबूउडीवाल्यांना, हे फार मानवतं म्हणे. स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसने फेब्रुवारी २०२० मध्ये पोलंडमधल्या तोरुनला ६.१७ मीटरचा विक्रम केला आणि आठवड्याभरात इथे येऊन ६.१८. मी त्या उंचीचा अंदाज घेत छताकडे बघत बसलो आणि ३००० मीटरची शर्यत संपलेली कळलंच नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एका पंच बाईंना विचारलं, जरा ट्रॅकवर जाऊ का? त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग मान डोलावली. वळणाच्या सगळ्यात वरच्या लेनमध्ये उभा राहिलो. चालताना विचित्रच वाटतं. उजवा पाय वर, डावा खाली, आणि जमीन आत ढकलत असते. पळून पाहावं म्हणून चार पावलं टाकली. पाचवं टाकणार तोच मागून आरोळी आली, “ट्रॅक!”

मी उडी मारून बाजूला झालो. दहाएक वर्षांचा एक मुलगा जवळून सुसाट निघून गेला.