तुम्ही विचारलंत म्हणून : कृतीत माप का नसते?

गेली सहा वर्षे मी घरी केलेल्या मोसमी पदार्थांची छायाचित्रे आणि कृती इंटरनेटवर टाकतो आहे, आणि या काळात सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "काका, सगळं सविस्तर लिहिता, मग माप का देत नाही? किती वाट्या, किती चमचे, किती मिनिटं हे कळल्याशिवाय आम्ही करायचं कसं?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घोडबंदर रस्त्यावर किंवा ऐरोली-खारघरला नव्याने बिऱ्हाड मांडलेले असते, हाताशी वडीलधारे माणूस नसते, आणि 'अंदाजाने' हा शब्द त्यांना टाळाटाळीचा वाटतो.

सुरुवातीला मीही माप देत असे. ते का सोडले, हे सांगायचे तर शेवळांपासून सांगावे लागेल.

मी मूळचा साताऱ्याकडचा. ठाण्यातल्या सीकेपी घराचा जावई झाल्यावर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मी शेवळे प्रथम पाहिली आणि ही खायची वस्तू आहे यावर माझा विश्वास बसला नाही. शेवळे हे सुरणाचे रानातले भावंड. मे महिन्याच्या अखेरीस जमिनीवर पहिले शिंतोडे पडले की कंदातून आधी फुलोराच वर येतो, पाने मागाहून येतात. आणि आपण खातो तो हा मिटलेला फुलोरा. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका या जुड्या घेऊन पहाटेच्या गाडीने येतात आणि स्टेशनाबाहेर किंवा जांभळी नाक्याच्या बाजारात फडक्यावर मांडून बसतात. त्यांच्याकडे शेवळांच्या शेजारी हिरवट, आवळ्याहून लहान अशी आंबट फळे असतात, ती काकडे. शेवळे घेतली आणि काकडे घ्यायची राहिली, तर घरी जाऊन बोलणी खावी लागतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

बोलणी खाण्याचे कारण असे की शेवळांत, अळूत किंवा सुरणात असतात तसे, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, आणि आपण त्याला 'खाजरेपणा' म्हणतो. सोबत आंबट घातले की खाज मोडते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. अळूच्या वड्यांना चिंच लागते तीही त्यासाठीच. शेवळे निवडताना बाहेरचे पापुद्रे काढतात, आतल्या दांड्यावरचा पिवळा, दाणेदार भाग कापून टाकून देतात, कारण सर्वांत जास्त खाज त्यातच असते, आणि उरलेला भाग बारीक चिरून तेलावर चांगला परततात. काकडे ठेचून, बिया काढून त्यांचा रस भाजीत घालतात आणि मग ती निवांत शिजू देतात. आमच्याकडे त्यात सोडे किंवा कोलंबी पडते आणि तिला शेवळाची कणी म्हणतात.

एका वर्षी मी ही कृती लिहिली आणि वाचकांच्या आग्रहाला मान देऊन छातीठोकपणे लिहिले : दोन जुड्या शेवळांना बारा काकडे. आमच्या घरी त्या दिवशी बाराच लागली होती, त्यामुळे त्यात खोटे काही नव्हते. पुढच्या आठवड्याभरात ज्यांनी ती भाजी केली, त्यांपैकी तिघांनी घसा धरून बसावे लागल्याचे कळवले. एका बाईंनी तर सासरच्या पहिल्या पाहुणचाराला ती केली होती. मी ओशाळून हा प्रकार सासूबाईंना सांगितला, तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "जुडी केवढी ते लिहिलं होतंत? काकडं कोणत्या आठवड्यातली ते लिहिलं होतंत?"

मी यांपैकी काहीच लिहिले नव्हते. जुडीत कधी आठ शेवळे असतात, कधी पंधरा. एखादी जुडी कोवळी, तर एखादी उमलायला आलेली. काकडे मोसमाच्या आरंभी कडक आणि झणझणीत आंबट असतात, पुढे गडद पडू लागली की त्यांतला आंबटपणा उतरतो. म्हणजे मी ज्याला माप म्हणत होतो, ती एका विशिष्ट सकाळी जांभळी नाक्यावर घेतलेल्या दोन जुड्यांची हकिगत होती.

कारखान्यात पाकीटबंद झालेल्या रव्याचे माप देता येते, कारण तो जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये जवळपास सारखाच वागतो. मोसमी वस्तू स्वतःच्याच मोसमात बदलत जाते. पहिल्या पावसानंतर वीतभर उगवलेला टाकळा लसणीच्या फोडणीवर, फणसाच्या आठळ्या घालून, बघता बघता शिजतो. श्रावणापर्यंत तोच टाकळा राठ आणि कडवट होतो, आणि तेव्हा मी तो आणतच नाही, मग कृतीत 'दहा मिनिटे' लिहिलेली असोत की वीस. पन्ह्याचेही तेच. गराच्या दुप्पट गूळ हे प्रमाण चैत्रातल्या कैरीला शोभते, पण मे महिन्यातल्या पाडाला आलेल्या कैरीचे पन्हे त्याने नुसते गुळमट होते.

अपवाद करतो तो लोणच्याचा. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते, लोणच्यात ते कमी पडल्याचे बरणीला बुरशी आल्यावर कळते. म्हणून किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, हे मी काट्यावर तोलून लिहितो आणि त्यात कोणी काटकसर केली तर रागावतो.

बाकीच्या कृतींत मी आता मापाऐवजी वेगळा तपशील देतो : वस्तू आणल्याची तारीख, बाजार, जुडी तळहातावर ठेवून काढलेले छायाचित्र, आणि कापलेल्या काकडाचे किंवा कैरीचे जवळून काढलेले दुसरे. भाजी उतरवण्यापूर्वी चिमूटभर खाऊन दोन मिनिटे थांबा, घशाशी जरा जरी चुरचुरले तरी आणखी आंबट घालून पुन्हा शिजवा, हे मी दरवेळी लिहितो. काकडे मिळाली नाहीत तर चिंचेचा कोळ चालतो, फक्त रंग काळपट येतो आणि काकडाचा तो रानवट वास येत नाही.

गेल्या जूनमध्ये खारघरच्या एका मुलीने भाजी चुलीवर असतानाच कढईचे छायाचित्र पाठवून विचारले की चौदा काकडे घातली आहेत, पुरतील का. मी चिकाटीने माझे नेहमीचे उत्तर लिहायला घेतले होते. सासूबाईंनी फोन हातातून घेतला, "उरलेली काकडं दाखव म्हणावं" असे सांगून ते छायाचित्र मागवले, दोन बोटांनी मोठे करून पाहिले आणि फोन परत देत म्हणाल्या, "पिकायला लागली आहेत. अजून पाच घालायला सांगा तिला."