वाड्याबरोबर: महाडच्या खाचरांतला धनगरांचा तळ

दिवाळी झाली की फलटण, माण, खटाव, बारामती या पट्ट्यातल्या हटकर धनगरांच्या वस्त्या ओस पडू लागतात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात, बाकीचा संसार घोड्यांवर चढतो आणि मावळतीकडे निघतो. या भागात वर्षाला जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, त्यामुळे थंडी सरताना रानात मेंढराच्या तोंडी लागेल असं फारसं उरत नाही. घाटाखाली कोकणात तोवर भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी असतात. हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि ते जवळून बघायचं माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. ओळखीतून एका वाड्याशी बोलणं झालं आणि ऐन माघात भोरवरून वरंध घाट उतरून मी महाडच्या अलीकडे त्यांच्या तळावर पोचले.

काही घरं मिळून एक वाडा. प्रत्येकाची मेंढरं वेगळी, चूल वेगळी, पण तळ एक आणि वाटही एक. उद्या कुठे उतरायचं हे वाड्यातले जाणते आण्णा ठरवतात. ते पुढे जाऊन पाणी बघतात, चारा बघतात आणि शेतकऱ्याशी बोलणी करतात. त्यांच्याबरोबर मी एका बोलणीला गेले होते. शेतकऱ्याचे वाल नुकतेच निघाले होते आणि पावसाळ्याआधी खाचरात मेंढरं बसवून हवी होती. मेंढरं रात्री शेतात बसतात, लेंडी आणि मूत तिथंच पडतं, आणि पुढच्या भाताला त्याचा जोर मिळतो. मोबदला भाताच्या पोत्यांत की रोख, यावर बराच वेळ गेला. आवाज चढले, मग चहा आला आणि व्यवहार पोत्यांवर मिटला. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. भटक्यांकडे संशयाने बघायची आपल्याकडे सवय आहे, तिला हा एक व्यवहार पुरेसं उत्तर आहे असं मला वाटतं.

तळ हलवणं मात्र बायकांचं काम, आणि या प्रवासात मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसले ते हेच. पहाटे पुरुष मेंढरं घेऊन पुढे गेले की बायका वाघर गुंडाळायला लागतात. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. मग घोडी पुढे आणतात. पाठीवर जाड पोतं, त्यावर दोन्ही अंगांना सारख्या वजनाचं ओझं: एकीकडे धान्य, दुसरीकडे भांडी. वाड्यातल्या आजी प्रत्येक गाठोडं हातात तोलून बघत होत्या आणि मनाला आलं नाही तर सोडून पुन्हा बांधायला लावत होत्या. वर घोंगड्या, त्यांवर पाय बांधलेल्या कोंबड्या, झोळीतून माना बाहेर काढलेली दोन दिवसांची कोकरं, आणि सगळ्यात वर एक शेंबडं पोर, निवांत भाकरीचा तुकडा चावत. “ताई, घोडं कलंडलं की संसार कलंडला,” आजी दोर आवळताना म्हणाल्या. देवांचे टाक असलेलं गाठोडं त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

दुपारी नव्या जागी तीन दगडांची चूल पेटलेली होती.

संध्याकाळी मेंढरं परत येतात तेव्हाचा गलका सांगून कळायचा नाही. दिवसभर तळावर राहिलेली कोकरं एकदम सुटतात आणि शंभरभर आया एकाच वेळी बोलावतात. आई आपलं कोकरू वासावर ओळखते, परक्याला ढुशी मारून हाकलते. एक मेंढी स्वतःच्याच कोकराला जवळ घेईना. वाड्यातल्या एका वहिनींनी तिला गुडघ्यांत धरून ठेवलं, कोकराचं तोंड सडाला लावलं आणि ते लुचायला लागेपर्यंत तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. मला सगळी काळी मेंढरं एकसारखी दिसत होती. त्यांना मात्र कुठलं कोकरू कुणाचं, हे अंधारातही माहीत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर आण्णांनी घोंगडी अंथरली, भंडारा लावला आणि सुंबरान मांडलं, म्हणजे देवाचं स्मरण करून ओव्या गायला सुरुवात केली. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी तिचं शेपूट लांबवत न्यायचं, आणि थोड्या वेळाने तीच कथा गद्यात, गप्पा मारल्यासारखी सांगायची. धनगरांचा देव बिरोबा, त्याची कथा अशी रात्रभर चालू शकते. या ओव्यांचं मोल ओळखून त्या ध्वनिमुद्रित करत फिरणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर 1992 मध्ये गेले. आपल्या शाळांच्या पुस्तकांत या ओव्यांना आणखी जागा मिळायला हवी, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. जेजुरीचा खंडोबा धनगरांच्या बाणाईसाठी मेंढरं राखायला राहिला, ही गोष्ट आण्णांनी आपल्या घरच्या जावयाबद्दल बोलावं इतक्या आपुलकीने सांगितली.

घोंगडीबद्दल थोडं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती धनगरांनी कातरायची, सनगरांनी विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी कडक करायची, अशी साखळी होती. आता लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नाही. पैसा येतो तो मटणासाठी विकलेल्या नरांतून. आजींकडची घोंगडी त्यांच्या सासूची आहे आणि पावसात अजून पाणी आत येऊ देत नाही.

चराईची जागाही आक्रसते आहे. काजू-आंब्याच्या बागांना तारेची कुंपणं आली, डांबरी रस्त्यावर भरधाव गाड्या आल्या, आणि रात्री बिबट्याइतकीच चोरांची धास्ती असते. वहिनींची मुलगी गावी आजोळी राहून आठवीत शिकते. रोज रेंज मिळेल त्या टेकाडावर चढून वहिनी तिला फोन करतात आणि आधी गणिताचं विचारतात, मग जेवणाचं.

मे महिन्यात वाडा परतीला लागेल. कोकणात पाऊस उतरायच्या आत घाट चढायलाच हवा, कारण सततच्या ओलीत मेंढरांचे खूर कुजतात. मग गावाकडे बाजरीची पेरणी, आणि नवरात्रात बिरोबापुढे ढोल आणि गजी नृत्य. आजींनी तेव्हा गावी यायचं आवतण दिलंय. मी रजा आत्ताच टाकून ठेवली आहे.