तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॅनिश बोलायला सुरुवात कुठून करू?

माद्रिदला शिकायला किंवा नोकरीला निघालेली मुलं मला हटकून विचारतात, "रोजच्या बोलण्यापुरतं स्पॅनिश हवंय, आधी काय पाठ करू?" अनोळखी माणसांशी बोलायची वाक्यं, असं मी सांगते. मित्रमंडळी सांभाळून घेतात. लिफ्टमध्ये, बाजारात गप्प राहणारा माणूस मात्र तुसडा वाटतो. आपली मुलं तुसडी नसतात, नुसती बुजलेली असतात, आणि ते मला बघवत नाही.

लिफ्टमध्ये शिरताना 'बुएनास', म्हणजे नमस्कार; बाहेर पडताना 'आस्ता लुएगो', म्हणजे 'भेटू पुन्हा'. समोरचा पुन्हा कधी दिसणार नसला तरी हेच. दुपारचा दीड वाजला तरी 'बुएनोस दियास', म्हणजे सकाळचा नमस्कार, चालतं, कारण तिथे जेवायलाच दोन-अडीच वाजतात. जेवण झालं की 'बुएनास तार्देस', दुपारनंतरचा नमस्कार. यातले त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत, इंग्रजी वळणाचा 'टार्डेस' करू नका.

माझं सगळ्यात आवडतं वाक्य मंडईतलं. मासळीच्या गाळ्यापुढे माणसं विखुरलेली असतात, रांग दिसत नाही, पण असते. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो?' शेवटचं कोण? कुणीतरी 'यो' म्हणतं, म्हणजे 'मी'. त्या माणसामागे तुमचा नंबर. पुढचा येऊन विचारेल तेव्हा 'यो' म्हणायची पाळी तुमची. काही गाळ्यांवर आता नंबराची चिठ्ठी काढतात; जिथे काढत नाहीत तिथे मुद्दाम जा. एवढ्या चार शब्दांत त्या वस्तीचे होऊन जाता!

बारमध्ये सकाळी कॉफी मागताना 'मे पोनेस उन काफे कोन लेचे?', म्हणजे 'मला एक दुधाची कॉफी देतोस?' बास. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं दर वाक्याला 'प्लीज' शोधतात. तिथे ते आवाजात असलं तरी पुरतं, जसं आपल्या 'एक चहा द्या'मध्ये असतं. या वाक्यात वेटरला 'तू' म्हटलंय, आणि ते रीतसर आहे. शेजारच्या आजींना मात्र 'उस्तेद', म्हणजे आदराचं 'तुम्ही', म्हणा, 'मला तू म्हण' असं त्यांनीच सांगेपर्यंत.

कुणी शुभेच्छा दिल्या की 'इग्वालमेन्ते', तुम्हालाही.

मेक्सिकोला निघाला असाल तर वाक्यं थोडी बदला. खानावळीत जेवणाऱ्यांच्या टेबलाजवळून जाताना, ओळख नसली तरी, 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे 'सावकाश जेवा'सारखं. आणि ऐकू आलं नाही तर नुसतं 'के?', म्हणजे 'काय?', नको; 'मांदे?' म्हणा, आपल्या 'काय म्हणालात?'सारखं.