शक्तिमान अपडेट : डबा परत खाली उतरवला

नवीन वाचणाऱ्यांसाठी : शक्तिमान म्हणजे मिलिटरीचा जुना ट्रक, त्याच्या मागं मी आत राहता येईल असा बंद डबा बसवतोय. मागच्या वेळी मी लई फुशारकीनं सांगितलं होतं की डबा बसला, आता फक्त आतलं सुतारकाम राहिलंय. विसरा ते. डबा परत खाली उतरवून ड्रमांवर ठेवावा लागला, आणि येणारा जाणारा विचारायचा, काय बे, दुकान टाकतोय का इथं.

झालं असं की टेस्ट म्हणून नळदुर्गला निघालो, हायवेला पन्नासेक किलोमीटर एकदम मक्खन, मग किल्ल्याच्या अलीकडं मुद्दाम कच्च्या रस्त्याला घातली. एका ओढ्यात डावं पुढचं चाक बांधावर चढलं, डावं मागचं खड्ड्यात, आणि मागनं कट्ट करून आवाज आला. भाचा आत डब्यात होता (गाडी चालू असताना आत बसायचं नाही हे त्याला दहादा सांगितलंय), तो ओरडतोय, "मामा, दार उघडंना!" दार फ्रेममध्ये पाचरीसारखं बसलं होतं. गाडी सपाटीवर आणली तसं आपोआप उघडलं. घरी येऊन बघतो तर मागच्या कोपऱ्यातलं वेल्डिंग वीतभर फाटलेलं.

चूक माझीच. शक्तिमानची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मुद्दाम पिळ खाणारी केलीय, दोन उभ्या पट्ट्या आणि मधे आडव्या, त्यामुळं चाकं वरखाली झाली की फ्रेम वळते आणि चारही चाकं जमिनीला धरून राहतात. मालाच्या ट्रकची बॉडी उघडी असते, ती फ्रेमबरोबर वळते. माझा डबा म्हणजे सहा बाजूंनी बंद पेटी, ती वळत नाही, ती फाटते. आणि मी ती आठ ठिकाणी यू बोल्टनं आवळून टाकलेली. मिस्त्री म्हणाले, "ओ मालक, खालून लाकडी फळी टाका की, एवढे ट्रक फिरतेत." त्यांचं बरोबर आहे, पण उघड्या बॉडीला.

म्हणून आता सबफ्रेम, म्हणजे डबा नि चॅसीच्या मधली फ्रेम, वेगळी केली. मागं ॲक्सलच्या वर दोन्हीकडं घट्ट ब्रॅकेट, आणि तिथून पुढं केबिनकडं लांब बोल्ट, त्यावर जाड कॉइल स्प्रिंग दाबून बसवल्या. सपाट रस्त्यावर सबफ्रेम चॅसीवर टेकलेली असते, पिळ आला की चॅसी खाली जाते आणि स्प्रिंग दबून फट पडते, डबा सरळच राहतो. डबा आडवा सरकू नये म्हणून बाजूनं गाइड प्लेटा. चॅसीच्या वरच्या नि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही, सगळा ताण तिथंच असतो. भोकं उभ्या बाजूला, तीही जमेल तिथं जुनीच वापरली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये चाकाखाली ओंडके रचून चेक केलं, फट दोन बोटं पडली. सबफ्रेमला ओळंबा लावून बघितला, हललाच नाही.

बाकी बारीकसारीक : टाकीत गंज निघाला, फिल्टर दोनदा बदलले, प्रत्येक वेळी लाइनीत हवा धरते मग हँड पंप मारत बसा, फेस जाऊन सरळ डिझेल येईपर्यंत. प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकांकडं नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, आता दर ट्रिपला ग्रीस करतो, ओढ्यातनं गेलं की लगेच. २४ व्होल्टची सिस्टीम आहे, दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि मी शहाण्यासारखं एकाच बॅटरीवरनं पंखा नि मोबाईल चार्जर काढला होता, ती बॅटरी उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन मेली. आता २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर टाकलाय.

ज्यांनी विचारलं होतं गाडीचा हिरवा रंग का काढला : मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन आपल्याला चालत नाही, मोटार वाहन नियम १२१ मध्ये सरळ मनाई आहे. कागदपत्राच्या वेळी आरटीओत वाद कशाला घालायचा. टपाला पांढरा मारला, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात त्याचा फरक हाताला कळतो. आत पडदे सोलापुरी चादरीचे, आईनं शिवले, आणि वर टोमणा, "एवढ्या पैशात घर झालं असतं."

टायरचं अजून भ्या वाटतं. चाकाच्या डिस्क जुन्या लॉक रिंगच्या आहेत, म्हणजे टायर डिस्कवर धरून ठेवायला वेगळी लोखंडी रिंग असते, रिंग नीट न बसता हवा भरली तर ती उडते आणि माणूस जातो. पंक्चरवाल्याकडं लोखंडी पिंजरा नसेल तर मी गाडी तिथनं काढतो, कितीही हसू देत.

परवा परत ओंडक्यांवर चाक चढवलं, डबा बांधलेला, भाचा आत. चार वेळा दार उघडझाप झालं. पाचव्यांदा अडकलं, पण ती कडीच वाकडी आहे, उद्या बदलतो.